मागचा पडदा

व्हिसाच्या फोटोसाठी मी विट्यातल्या त्याच स्टुडिओत गेले, जिथे आमच्या घरातले सगळे फोटो निघालेत. जिना चढलं की डाव्या हाताला आरसा, आरशाच्या खिळ्याला सुतळीने बांधलेला कंगवा, खाली पावडरचा डबा आणि समोर तो पडदा. निळं तळं, तळ्यात दोन बदकं, काठावर लाल कौलांचं घर, मागे बर्फाचे डोंगर. आई-पप्पांचा लग्नानंतरचा फोटो याच पडद्यापुढचा आहे. आईच्या खांद्यामागून ते लाल घर दिसतं. माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोतही तेच तळं आहे, मी मात्र तोंड वासून रडतेय. बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं की लग्न झाल्यावर हे दोघं खरंच कुठेतरी तळ्याकाठी जाऊन आले असणार. एकदा आईला विचारलंही, तिथे थंडी होती का गं? आईने पोळी उलटता उलटता सांगितलं, "उन्हाळा होता. मधल्या आळीतला स्टुडिओ तो. नुसता घाम."

त्या दिवशी काकांनी विचारलं, कुठला व्हिसा. जर्मनीचा म्हटल्यावर म्हणाले, "मग पस्तीस बाय पंचेचाळीस," आणि भिंतीकडे जाऊन दोरी ओढली. पडदा खालून गुंडाळत वर गेला. आधी बदकं गेली, मग घर, शेवटी डोंगर. मागे नुसती पांढरी भिंत. पडद्याने इतकी वर्षं झाकल्यामुळे तेवढाच चौकोन स्वच्छ राहिलेला. "त्यांना मागं काही चालत नाही. टिकली काढ. केस कानामागं घे. हसायचं नाही." मी टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवली. तिथे आधीच पुष्कळ टिकल्या होत्या. मरून, काळ्या, एक खड्याची, एक चंद्रकोर. माझ्याआधी येऊन, काढून, लावायचं विसरून गेलेल्या बायकांच्या. कॅमेऱ्याला डोळा लावता लावता काकांनी विचारलं, "कुणाची गं तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं. "हां, गलाईवाल्यांची," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

घरी जाताना एसटीत बसल्यावर कपाळाला हात लागला तेव्हा कळलं, माझी टिकली तिथेच राहिली.

टिकलीचं काही नाही. पाच रुपयांच्या पाकिटात पंधरा येतात. पण तो वर गुंडाळत गेलेला पडदा काही केल्या डोक्यातून जाईना. ज्यांना कुठेच जायचं नव्हतं त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर, आणि मला खरोखर जायचंय तर मागे कोरी भिंत. रात्री पांढऱ्या पाकिटातले ते सहा चेहरे बघत बसले. कान दिसताहेत, ओठ मिटलेले, कपाळ मोकळं. नीट पाहिलं तर ओठांच्या कडा किंचित सैल आहेत, नुकतंच कुणाशी तरी बोललेल्या माणसाच्या असतात तशा. आजोबांचं नाव उच्चारून झाल्या क्षणाचा तो फोटो आहे, हे वकिलातीतल्या कुणालाही कळणार नाही. मला मात्र आता दुसरं काही दिसतच नाही.

आमच्या भागात बाहेर जाणं ही नवलाई नाही. खानापूर, आटपाडी, विटा या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला, बाहेर असतं. तमिळनाडूत, केरळात, दिल्लीत, पार वर आसामात. पाऊस भरवशाचा नव्हता. टेंभूच्या उपसा योजनेचं पाणी आलं ते अलीकडे, त्याच्या आधीच्या पिढ्यांनी माळरान सोडून भट्टी धरली. गावात दुमजली बंगले आहेत, वर्षभर कुलूप लावलेले. जत्रेला आणि दसऱ्याला ती कुलपं निघतात, मग चार दिवस गल्लीत मल्याळी, तमिळ, हिंदी बोलणारी आपलीच पोरं क्रिकेट खेळतात. माझे मोठे चुलते, नाना, तेराव्या वर्षी त्रिशूरला गेले. पायात चप्पल नवी होती आणि ती चावत होती, एवढंच त्यांना त्या प्रवासातलं आठवतं. मी विचारलं होतं, तुम्हाला जाताना काय वाटत होतं? काय बघायचं होतं तुम्हाला? नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बघायला कोण गेलं हुतं, पोरी. घरात खायला नव्हतं म्हणून गेलो."

त्यांच्या या वाक्याने मला अपराधी वाटतं आणि त्याच वेळी माझी आशा आणखी धारदारही होते. घरातली पहिली मी, जिला बघायला म्हणून जाता येतंय.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्रिशूरला जायचो. जुन्या बाजाराच्या बोळात नानांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, एक भट्टी, तराजू, धातू वितळवायच्या मुशी, चिमटे आणि कोपऱ्यात काचेच्या बरण्या. सोनारांच्या पेढ्यांवरून जुने दागिने, तुकडे, कानस मारून पडलेला चुरा, झाडून गोळा केलेला केर, असं सगळं यायचं. नाना त्यातून सोनं परत मिळवायचे. भट्टीपाशी मुलींनी यायचं नाही असा दंडक होता. धूर बाधतो म्हणून, आणि 'पोरीच्या जातीला काय करायचंय' म्हणूनही. मी दाराच्या चौकटीला टेकून बघायचे. मुशीत टाकणखार टाकला की वितळलेल्या सोन्यावर काचेसारखा थर यायचा, त्याखाली ते हिरवट उजेडात हलताना दिसायचं. मग ते पाण्यात ओतायचे. चर्र आवाज आणि तळाला वेडेवाकडे दाणे. ते दाणे तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, पडले की तांबूस धूर निघायचा, नाना तोंडाला पंचा लावून मागे सरकायचे, तरी खोकायचेच. तो खोकला आता त्यांचा कायमचा झालाय. बोटांची टोकं चांदीच्या पाण्याने काळी पडलेली असत, कितीही धुतली तरी.

त्या खोलीत मी एक गोष्ट पाहिली, तिचा अर्थ मला पुढे दहा वर्षांनी पुण्यात, मेटलर्जीच्या दुसऱ्या वर्षाला कळला. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालावी लागते. तीन भाग चांदी, एक भाग सोनं. सोनं जास्त असेल तर तेजाब आत शिरत नाही, वरवरच चाटून थांबतं. चांदी भरपूर असली की ते चांदी विरघळवत थेट गाभ्यापर्यंत पोचतं आणि तळाला सोनं उरतं, तपकिरी भुकटीचं, कॉफीच्या चोथ्यासारखं. त्याला चमक नसते. पुन्हा आगीत गेल्यावर येते. चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की करड्या गाळासारखी खाली बसते. सरांनी फळ्यावर समीकरणं लिहिली तेव्हा माझ्या नाकात त्रिशूरच्या बोळाचा वास आला. हात वर करून सांगावंसं वाटलं की सर, हे आमच्या घरात होतं. नाही सांगितलं. तेव्हा लाज वाटली होती आणि त्या लाजेची आता लाज वाटते.

मी शिकायला जातेय ते गाव फ्रायबर्ग. नाव सांगितलं की लोक दुसरंच फ्रायबुर्ग समजतात, जंगलाजवळचं, पर्यटकांचं. माझं फ्रायबर्ग सॅक्सनीत, ड्रेस्डेनहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत, चाळीसेक हजार वस्तीचं. म्हणजे विट्याएवढंच. ११६८ मध्ये तिथे चांदी सापडली. मीठ वाहून नेणाऱ्या गाडीवानांना चाकोरीत चमकणारा खडा दिसला, अशी कथा सांगतात. त्या एका खड्याने पुढची आठशे वर्षं खाणी चालल्या. १७६५ मध्ये खाणकामाची शाळा निघाली, तेच आता विद्यापीठ आहे. इंडियम तिथे १८६३ मध्ये सापडलं, आपल्या मोबाइलच्या पडद्यात असतं ते. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंकलर या रसायनशास्त्रज्ञाला तिथल्या चांदीच्या एका खनिजात हिशेब जुळेना. सगळे घटक मोजून बेरीज शंभर व्हायला हवी, ती सहा-सात टक्के कमी भरत होती. त्या कमी भरणाऱ्या जागेत एक नवीन मूलद्रव्य होतं. मेंडेलीवने पंधरा वर्षं आधी त्याच्यासाठी मूलद्रव्यांच्या तक्त्यात घर रिकामं ठेवलेलं. विंकलरने त्याला आपल्या देशाचं नाव दिलं, जर्मेनियम. अकरावीत हे वाचलं होतं तेव्हा विशेष काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, त्याने पण पहिल्याच दमात सांगून टाकलं, हे कुणाचं ते.

विद्यापीठाची स्वतःची खाण आहे. दीडशे मीटर खाली पिंजऱ्यातून उतरवतात, डोक्याला दिवा लावून. मला सगळ्यात जास्त कसली ओढ असेल तर याची. बर्फ बघायचाय, आल्प्स बघायचेत, हे मी सगळ्यांना सांगते, कारण ऐकणाऱ्याला ते पटकन कळतं. खरी ओढ त्या अंधाराची आहे. जिथून चांदी निघाली त्या दगडाला हात लावायचा. आमच्या घराने तीन पिढ्या वितळलेलंच सोनं पाहिलं, दुसऱ्यांच्या गळ्यातून उतरलेलं. ते मुळात दगडात कसं असतं, हे नानांनी कधी पाहिलं नाही. खाणीत उतरताना तिथले लोक एकमेकांना 'ग्ल्युक आउफ' म्हणतात. धातूची शीर उघडो आणि वर सुखरूप येणं होवो, असे दोन्ही अर्थ त्यात सांगतात. मी आरशासमोर म्हणून बघितलंय. 'ल्यु' नीट येत नाही अजून.

जर्मन मी पुण्यात शिकले, सकाळी सातच्या बॅचला. पहिल्याच धड्यात प्रश्न असतो, तुम्ही कुठून आलात? 'वोहेर कोमेन झी?' सगळ्यांनी एकेक करून उत्तर द्यायचं, मी भारतातून आले. मला ते उत्तर देताना हलकं वाटलं होतं. आमच्याकडे हा प्रश्न येत नाही. आमच्याकडे विचारतात, कुणाची तू? दुकानदार विचारतो, एसटीत शेजारी बसलेली म्हातारी विचारते, स्टुडिओतले काका विचारतात. उत्तरात आजोबा सांगावे लागतात, गल्ली सांगावी लागते, कधीकधी त्याच्या पुढचंही काढून घेतात, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जागच्या जागी बसलेलं दिसतं. मग आपण त्या जागेवरूनच बोलायचं. संध्याकाळी सातनंतर चौकात दिसलं तर घरी पोचण्याआधी बातमी पोचलेली. मला अशा रस्त्याने चालायचंय जिथे माझं कुणी कुणीच नाही. रात्री दहाला लायब्ररीतून बाहेर पडायचं, थंडीत हात खिशात घालायचे आणि एकटीने खोलीपर्यंत चालत जायचं. माझ्या सगळ्या आशा पिळून काढल्या तर तळाला बहुतेक एवढंच उरेल.

आणि याच चित्राने रात्री कधीकधी झोप उडते. त्या रस्त्यावर मी पाय घसरून पडले तर?

पैशांचं लिहिणं टाळत होते, पण ते टाळून हे पूर्ण होणार नाही. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला एका बंद खात्यात वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून दाखवावे लागतात. सध्या ११,९०४ युरो. तिथे गेल्यावर त्यातलेच महिन्याला ९९२ काढता येतात. आपले बारा लाखांच्या घरात जातात. पप्पांनी कर्ज काढलं, आईने पाटल्या मोडल्या. मोडायला नानांकडेच दिल्या. नाना त्रिशूरचं दुकान मुलावर सोपवून आता गावात असतात, पण ओळखीच्यांचं थोडंफार करतात अजून. मागच्या पडवीत त्यांनी छोटी भट्टी पेटवली. मी चौकटीला टेकून उभी राहिले, सवयीने. नानांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत यी. आता तुलाच शिकायचंय न्हवं?" बावीस वर्षांत पहिल्यांदा मी भट्टीपाशी बसले. गालांना झळ लागत होती. आईच्या पाटल्या, तिच्या आईने घातलेल्या, मुशीत आधी कडेने मऊ झाल्या, मग त्यांच्यावरची वेलबुट्टी पुसट झाली, आणि मग एकदम खाली बसल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. कढईवर झारा आपटल्याचा आवाज तेवढा येत होता, लागतो त्याहून थोडा जास्त.

त्या संध्याकाळी मी नानांना मोबाइलवर काही चित्रं दाखवली. फ्रायबर्गजवळच्याच केमनिट्झमध्ये सोळाव्या शतकात अॅग्रिकोला म्हणून एक वैद्य होता. खाणी आणि धातूंबद्दल त्याने आयुष्यभर टिपून ठेवलेलं १५५६ मध्ये, तो गेल्यावर, पुस्तक होऊन आलं. त्यात लाकडावर कोरून छापलेली चित्रं आहेत. सोनं-चांदी वेगळं करण्याचं एक प्रकरणच आहे. काचेची लांब मानेची भांडी, चुल्हाण, चिमटा धरून वाकलेला माणूस. नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चित्र दोन बोटांनी मोठं कसं करायचं ते मी दाखवलं. त्यांनी माणसाचा हात मोठा करून बघितला. "चिमटा बरूबर धरलाय," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पर ह्याला खोकला व्हनार. तोंडावर काय बांधलं न्हाई त्यानं." साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची त्यांना खरीच काळजी वाटली होती. त्या वेळी माझ्या मनात आलं, इतका प्रवास करून मी जिथे चाललेय, तिथे नाना आधीच पोचलेत.

तेजाब या शब्दात पाणी आहे. आब म्हणजे पाणी, तेज म्हणजे तिखट, धारदार. जर्मनमध्ये याच आम्लाला जुना शब्द आहे, 'शायडेवासर'. वासर म्हणजे पाणी, आणि 'शायडेन' म्हणजे वेगळं करणं. हजारो मैलांवरच्या दोन भट्ट्यांवर बसलेल्या माणसांनी त्या जहाल द्रवाला पाणीच म्हटलं. शब्दकोशात 'शायडेन' शोधताना त्याच मुळापासून फुटलेले शब्द खाली दिसले. 'शायडुंग' म्हणजे घटस्फोट. 'आबशीड' म्हणजे निरोप. मी वही मिटली होती त्या दिवशी.

मधल्या काळात अपॉइंटमेंटची वाट बघणं झालं. रोज रात्री उशिरा स्क्रीन उघडायची, तारीख नाही, बंद करायची. कागद दोनदा परत आले, एकदा वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगवरून. आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव असतंच. पासपोर्टवर ते माझ्या नावाला जोडून आलंय, त्यामुळे विद्यापीठाच्या ईमेल्समध्ये मला चक्क पप्पांच्या नावासकट हाक मारतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं, आता आवडतं. जिथे कुणी 'कुणाची' विचारणार नाही तिथे दर पत्राच्या पहिल्या ओळीत पप्पा आपोआप असणार.

व्हिसा आला. आईने देवापुढे साखर ठेवली, पप्पा दोन दिवस सगळ्यांना फोनवर तारीख सांगत होते. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कुळथाचं पीठ अशी पिशव्यांची रांग लागली. नानांनी एक जुनी मूस आणून दिली, हाताच्या मुठीएवढी, आतून काळीभोर झालेली. "हितली हाय म्हणून दाव तुझ्या मास्तराला." तिच्या आतल्या कडेला, उजेडात धरलं तर, राईच्या दाण्याहून बारीक एक पिवळा ठिपका चिकटलेला दिसतो. तो आईच्या पाटल्यांचा असेल का, हे मी नानांना विचारलेलं नाही.

काल फोटोच्या आणखी प्रती हव्या होत्या म्हणून पुन्हा स्टुडिओत गेले. पडदा खाली सोडलेला होता. त्याच्यापुढे एक नवं जोडपं उभं होतं, मुलीच्या हातातला चुडा अजून करकरीत, मुलगा घाम पुसतोय. "हसा की," काका त्यांना सांगत होते. "मोकळं हसा." मुलगी हसली तेव्हा तिच्या खांद्यामागून लाल कौलांचं घर दिसलं. पडद्याच्या खालच्या कडेला रंगाचे पोपडे उडालेत, एका बदकाचं डोकं जवळजवळ गेलंय. मला तो पडदा इतका सुंदर कधी वाटला नव्हता. त्या मुलीला तळ्याकाठी उभं असल्यासारखं वाटत असेल का, की तिला फक्त पायातल्या नव्या सँडल टोचत असतील?

त्यांचं होईपर्यंत मी आरशापाशी थांबले. कडेच्या टिकल्यांमध्ये माझी शोधली. मरून रंगाच्या, मध्यम आकाराच्या तीन होत्या. तिन्ही सारख्या, तिन्हींवर पावडरची धूळ. एकीला नखाने उचलायला गेले आणि थांबले, दुसऱ्या कुणाची निघाली तर.

काका मोकळे झाले. माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालून त्यांनी क्षणभर आठवलं. या वेळी त्यांनी विचारलं नाही. "तू ती जर्मनीची ना?"

मी आजोबांचं नाव सांगितलं.

"हां, हां," ते म्हणाले, आणि खणातून पाकिटं काढून त्यावरची नावं वाचायला लागले.